तिसरा रकाना

लिफ्टमधल्या कागदावर माझी सही होती आणि ती मी केलेली नव्हती.

सातशे तीनच्या ओळीत, 'पर्याय एक मान्य' या रकान्यात, स्वच्छ लिहिलेलं होतं: दान्बी. ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. माझ्या शाळेच्या सहलींच्या परवानग्या, तापाच्या चिठ्ठ्या, डब्याच्या पिशवीवरचं नाव, सगळं याच हातानं लिहिलेलं. थोडं उजवीकडे कललेलं, शेवटच्या रेघेवर उगाच जोर दिलेलं. माझ्या आईचं अक्षर.

पाठीवर राओन झोपली होती. चौदा महिन्यांची ही पोर दुपारी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात मी भांडी घासते, कपडे वाळत घालते, किंवा काहीच न करता भिंतीला टेकून बसते. त्या दिवशी मी सातव्या मजल्यावर उतरलेच नाही. तळघराचं बटण दाबलं.

माझी आई आमच्याच इमारतीत साफसफाई करते. बारा मजले, साठ घरं, एक लिफ्ट, दोन जिने. सहा वर्षं झाली तिला. सातशे तीन नंबरचं घर कमी भाड्यात मिळतंय हे माझ्या लग्नानंतर तिनंच मला सांगितलं. वर एक अटही घातली. इमारतीत मला आई म्हणायचं नाही, सगळे म्हणतात तसं मावशी म्हणायचं. जिने पुसणारीची मुलगी म्हणून तुझ्याकडे कुणी बघायला नको, आणि हिची मुलगी वर राहते म्हणून मला कुणी बोलायला नको. तेव्हा गेली दोन वर्षं मी लिफ्टमध्ये स्वतःच्या आईला मान लववून, 'मावशी, दमलात का,' असं विचारते आणि ती, 'नाही हो, राओनच्या आई,' असं म्हणते. राओनला मात्र हे नाटक जमत नाही. आजी दिसली की ती माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे काढते, आणि आई मॉपच्या दांड्याकडे बघत उभी राहते.

त्या कागदावर होतं ते असं. जानेवारीपासून सरकारनं ठरवलेलं किमान वेतन वाढणार. त्यावर रहिवासी समितीनं दोन पर्याय काढले होते. पर्याय एक: दोन पहारेकरी आणि दोन सफाई कामगार, चौघांचीही रोजची विश्रांती अर्ध्या तासानं वाढवायची. पर्याय दोन: एक पहारेकरी आणि एक सफाई कामगार कमी करायचा. प्रत्येक घरानं शनिवारी दुपारी एकच्या आत सही करायची.

विश्रांती. किती गोड शब्द. फक्त तिचे पैसे मिळत नाहीत. कायद्यानं तासाचा दर वाढला की कागदावरची विश्रांती वाढते, आणि महिन्याचा पगार होता तिथेच राहतो. जिने तेवढेच, मजले तेवढेच, लिफ्टच्या आरशावरचे बोटांचे ठसे तेवढेच. आमचे पहारेकरी योम आजोबा यांची विश्रांती पाच वर्षांत तीनदा वाढली, आणि त्या सगळ्या विश्रांतीत ते त्याच खुर्चीवर बसून लोकांची पार्सलं घेतात.

तळघरात, पंपाच्या खोलीला लागून, जिन्याखाली आईच्या विश्रांतीची जागा आहे. दोन वर्षांत मी तिथे गेले नव्हते. तिनं कधी येऊच दिलं नव्हतं. पुठ्ठ्यांवर एक फोमची चटई, भिंतीला दोन कोट, वरून जाणाऱ्या गळक्या नळाला गुंडाळलेला टॉवेल आणि त्या टॉवेलातून थेंबथेंब खाली ठेवलेल्या डब्यात. हीटर नाही. वीज लागते म्हणून तो ठेवायला मनाई. आई कोट घालून बसली होती आणि रबरी हातमोज्याच्या बोटाला चिकटपट्टी लावत होती.

"माझी सही तू केलीस," मी म्हणाले.

"हळू बोल. पोरगी उठेल."

मग तिनं मला सरळ सांगितलं. पर्याय दोन झाला तर दोघी सफाईवाल्यांतून जी जाईल ती तीच. दुसरी सफाईवाली मिन-जा पंचावन्नची आहे, आई सदुसष्टची. आईचे गुडघे दुखतात हे व्यवस्थापक प्यॉन साहेबांना माहीत आहे. साठ मतांतलं एक मत तिच्या हाताशी होतं, ते तिनं वापरलं.

"ते तुझ्या हातातलं नव्हतं. माझं होतं."

"तुझं ते माझं नाही का?" हे ती अगदी सहज म्हणाली.

मी म्हणाले, रोज अर्धा तास तू फुकट राबणार. ती म्हणाली, अर्धाच तास आहे. मी म्हणाले, गेल्या वेळीही अर्धाच होता.

"खोटी सही केलीस, आणि तीही स्वतःचाच पगार कापायला."

"दुसऱ्याचा कापायला केली असती तर चाललं असतं?" आई हसली.

मला हसू आलं नाही. मी रागानं उठले आणि जिन्याखालच्या त्या उतरत्या छताला राओनचं डोकं आपटलं. ती जागी होऊन रडायला लागली. आईनं तिला माझ्या पाठीवरून सोडवलं, कोटात घेतलं, टॉवेलाच्या थेंबांपासून लांब कोपऱ्यात गेली आणि तिच्या टाळूवर फुंकर घालत बसली. ही बाई दिवसातून सहा तास बारा मजल्यांचा मळ काढते, आणि बसायला आम्ही तिला ही जागा दिली आहे. आम्ही म्हणजे मीसुद्धा. दर महिन्याला देखभालीचे पैसे मीही भरते.

वर आले आणि पेननं ती सही खोडली. मग पर्याय एक आणि पर्याय दोन यांच्या शेजारी जी रिकामी जागा होती तिथे एक उभी रेघ ओढली. लिफ्ट हलत होती, रेघ वाकडी आली. वर लिहिलं: पर्याय तीन. विश्रांती वाढवू नका, कोणाला काढू नका, वाढलेला पगार द्या. घरटी खर्च महिन्याला दोन कप कॉफी. हा हिशोब मी देखभाल खर्चाच्या तक्त्यावरून मोबाईलवर केला होता, तीनदा तपासून. सातशे तीनसमोर त्या रकान्यात सही केली. या वेळी माझी मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमध्ये सॉनू बाई भेटल्या. अकराव्या मजल्यावर राहतात, समितीच्या अध्यक्ष आहेत. नेहमी नीटनेटक्या आणि कधी आवाज चढवत नाहीत. कोपऱ्यात आई बादली घेऊन उभी होती. सॉनू बाईंनी कागदाकडे बघून एक उसासा टाकला आणि, सातशे तीनची सही दिसलीच नाही असं दाखवत, मला समजावलं. हे कोणा तरुणाचं काम असणार, हेतू चांगला असेल. पण या वयाच्या बायकांना काही संसार चालवायचा नसतो. घरी बसून कंटाळा येतो, वेळ जावा, हातखर्चाला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. काम कमी झालं, विश्रांती वाढली, तर त्यांनाच ते आवडेल.

"हो की नाही, मावशी?"

"हो बाई," आई म्हणाली.

माझी आई अर्ध्या जमिनीखाली असलेल्या एका खोलीत भाड्यानं राहते. त्या भाड्याला, गुडघ्याच्या गोळ्यांना, तांदळाला आणि हिवाळ्यात खोली तापवायच्या गॅसला पुरेल एवढं तिला या इमारतीतून मिळतं, आणि दुसरीकडून काही मिळत नाही. हातखर्च. राओन आजीकडे हात पसरून कुरकुरत होती, आई मॉपकडे बघत होती, आणि मी गप्प राहिले. सातवा मजला आला, मी मान लववली आणि उतरले. बाईंपेक्षा मला त्या दिवशी माझाच जास्त राग आला.

त्या रागातच मी दारं वाजवायला सुरुवात केली. राओन झोपली की तिला पाठीशी बांधायचं आणि एकेक मजला घ्यायचा. कुणी दार उघडलं, कुणी आतूनच नको म्हटलं. मला वाटलं होतं, लोक दुष्ट असतील. तसं असतं तर सोपं गेलं असतं. बाराव्या मजल्यावरच्या नाम आजींनी मला आत बसवलं आणि सांगितलं की त्यांचं पेन्शन वाढत नाही आणि बाकी सगळं वाढतं, दोन कप कॉफी त्या वर्षातून दोनदा पितात. मग राओनच्या हातात एक संत्रं दिलं. त्यांच्यावर मला चिडता आलं नाही.

मग चौथ्या मजल्यावरच्या थाकचं दार आलं. त्याचं कोपऱ्यावर तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे. दार उघडल्यापासून तो ओरडतच होता. किमान वेतन वाढलं तशी त्यानं ठेवलेली माणसं एकेक करून सोडली, आता तो आणि बायको दोघंच उभे असतात, आणि तासाला त्यांच्या हाताशी जे उरतं ते त्या वेतनाहून कमी आहे.

"मालकाचं किमान वेतन कोण ठरवतं, सांगा ना, सातशे तीन. ते टीव्हीवर बसून ठरवणारे एक दिवस माझ्या कढईसमोर उभे राहिलेत का?"

मी म्हणाले, राहिले नाहीत, आणि आपल्या मावशींच्या जिन्यातही आले नाहीत. तुमचं भाडं जागामालक वाढवतो, पार्सलचं ॲप कमिशन घेतं, त्यांना काही बोलायची सोय नाही, म्हणून सगळ्यात खालच्याचा अर्धा तास कापायचा का? त्यानं दार लावून घेतलं.  आपलं म्हणणं बरोबर आहे आणि समोरचाही खोटं बोलत नाहीये, या गोष्टीनं जितका जीव जळतो तितका कशानं जळत नसेल.

मंगळवारी रात्रीपर्यंत वाकड्या रकान्यात अकरा सह्या झाल्या. बुधवारी सकाळी कागद गायब. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी, बरोबर कॅमेऱ्याच्या खाली, नवा कागद लागला होता. दोनच रकाने, आणि खाली जाड अक्षरांत: सूचनापत्रक विद्रूप करणाऱ्याकडून भरपाई घेतली जाईल.

जुना कागद आईनं खरवडला होता. प्यॉन साहेबांनी तिला गरम पाणी आणि पाती देऊन सांगितलं होतं. संध्याकाळी ती मागच्या जिन्यानं, कोणी बघणार नाही असं बघून, किमचीचा, मुरवलेल्या तिखट कोबीचा, डबा घेऊन वर आली तेव्हा मी तिला दारातच विचारलं.

"अकरा जणांच्या सह्या होत्या त्यावर."

"मला सांगितलं, मी काढला. काय लिहिलंय ते वाचत बसू?"

"वाचलंस ना पण."

"वाचलं." ती चपला काढत होती. "रेघ तरी पट्टीनं मारायची. शाळेतही अशीच मारायचीस."

मी किमची फ्रीजमध्ये ठेवली. ती राओनला मांडीवर घेऊन, खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पाय पसरून बसली. तिचे गुडघे सुजलेले दिसत होते. थोड्या वेळानं म्हणाली, तू भांडतेस ते बरोबर आहे, पण भांडण तुझं आणि नोकरी माझी. हे तिनं न चिडता सांगितलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. एकोणसाठ घरांना तिच्या नोकरीवर सही करायचा हक्क आहे आणि तिच्या स्वतःच्या मुलीनं तेवढं गप्प राहायचं? रकाना आखून तिची नोकरी वाचेलच असं नव्हतं, आणि न आखूनही वाचणार नव्हती. फक्त दरवर्षी थोडी थोडी कापली जाणार होती. गुरुवारी सकाळी राओनला पाठीशी बांधलं, पट्टी घेतली, कॅमेऱ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि नव्या कागदावर तिसरा रकाना आखला. शुक्रवार रात्रीपर्यंत त्यात सतरा सह्या झाल्या. सहाव्या मजल्यावरची एक नर्स तर माझ्याच पेननं करून गेली.

शनिवार हा आमच्याकडे वर्गवारी केलेला कचरा खाली न्यायचा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास सगळी इमारत पुठ्ठे, बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन तळमजल्यावर उतरते. आईची विश्रांती बारा ते एक. त्या दिवशी टॉवेलाखालचा डबा भरून वाहिला होता आणि चटई ओली झाली होती, म्हणून ती वर आली आणि लिफ्टसमोर, कागदाच्या बरोबर खाली, बादली उलटी टाकून तिच्यावर बसली. मांडीवर किंबापचा, भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा उघडला. मी बाटल्यांची पिशवी घेऊन उतरले तेव्हा ती पहिला घास घेत होती.

दोन दिवसांची रजा संपवून प्यॉन साहेब बारा वाजून दहा मिनिटांनी आले. कागदाकडे बघितलं, चेहरा आक्रसला, आणि आईला म्हणाले की कुणीतरी पुन्हा घाण केली आहे, हा उतरवा, मी दुसरा देतो, एक वाजायच्या आत साफ हवा.

आईनं घास गिळला. "विश्रांती चालू आहे, साहेब."

त्यांना ते नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. दोन मिनिटांचं काम आहे, ते म्हणाले.

"एक वाजता करते. माझ्या कागदावर बारा ते एक विश्रांती लिहिलीय. तुम्हीच लिहिलीय."

रांगेत पुठ्ठे घेऊन उभे असलेले लोक बघायला लागले. प्यॉन साहेबांनी स्वतः कागदाकडे हात नेला. तेवढ्यात मध्ये पुठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा आला आणि गठ्ठ्यामागून थाकचा आवाज.

"साहेब, करतील ना मावशी एक वाजता. तुम्ही कशाला हात घाण करता? तुमचा पगार त्यासाठी नाहीये."

कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, कसला कागद आहे, आणि वाचायला पुढे आलं. थाकनं गठ्ठा खाली ठेवला, खिशातून पेन काढलं, आणि तिसऱ्या रकान्यात सही करता करता माझ्याकडे न बघताच म्हणाला की गैरसमज करून घेऊ नका, अजून पटलेलं नाही मला, पण मला घोळात घेऊन सही मागितलेली आवडत नाही. दोनच रकाने छापायला यांना काय कमी कागद होता?

मग सॉनू बाई आल्या. प्यॉन साहेबांनी फोन केला असणार. त्यांनी आईला हळू आवाजात विचारलं की हे काय चाललंय.

"तुम्हीच म्हणालात ना बाई, आम्हाला विश्रांती आवडते," आई म्हणाली. "आवडतेय."

हे ती कुठे शिकली मला माहीत नाही. मी राओनला पाठीवरून खाली उतरवलं. ती डुलत डुलत चार पावलं चालली, बादलीला धरून उभी राहिली आणि आजीसमोर तोंड उघडलं. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मॉप शेजारीच भिंतीला टेकलेला होता. तिनं किंबापमधला भाताचा एक छोटा गोळा काढला, फुंकर घातली आणि राओनला भरवला.

"ओळखते वाटतं तुम्हाला," नाम आजी म्हणाल्या.

"नात आहे माझी," आई म्हणाली.

 सॉनू बाई माझ्याकडे बघत होत्या, त्या दिवशीची लिफ्ट आठवत असतील. मी त्यांच्याकडे बघत राहिले. या वेळी मान लववली नाही. मग नाम आजींनी पिशवी खाली ठेवली आणि थाककडे पेन मागितलं, आणि त्यांच्यामागे सही करायला रांग लागली.

एक वाजता आई उठली. उठताना गुडघे धरले. हात पुसले, नखानं चिकटपट्टीची टोकं सोडवली, कुठेही न फाडता कागद उतरवला, गुंडाळी केली आणि दोन्ही हातांनी प्यॉन साहेबांना दिला. त्याआधी थाकनं सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजलं होतं. तिसऱ्या रकान्यात चौतीस घरं.

समितीनं तो रकाना अधिकृत मानला नाही. पण चौतीस घरं नाराज ठेवणंही त्यांना परवडणार नव्हतं, म्हणून 'सद्भावनेनं, फक्त एका वर्षासाठी' विश्रांती होती तेवढीच ठेवायची आणि पगार वाढवायचा असं ठरलं. लिफ्टमध्ये लोक माझं अभिनंदन करत होते. नवऱ्यानं पाळीवरून येताना केक आणला. मी खरंच आनंदात होते, दोन आठवडे.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आई वर आली. मागच्या जिन्यानं नाही, लिफ्टनं. समितीच्या सांगण्यावरून माणसं पुरवणाऱ्या ठेकेदार कंपनीचा नवा करार तिनं जमिनीवर पसरला आणि पगाराच्या आकड्यावर बोट ठेवून मला दाखवला. पूर्ण होता. मी खालची ओळ वाचली. मुदत: तीन महिने.

मिन-जाला किती, मी विचारलं. वर्ष. पहारेकऱ्यांना? दोघांनाही वर्ष.

"कारण काय दिलं?"

"कारण द्यायला लागत नाही म्हणे. कायद्यात बसतं." ती राओनचे मोजे सरळ करत होती. "मार्च लांब आहे, दान्बी. अजून थंडी पडायचीय. तोपर्यंत पगार तर पूर्ण आहे."

मी म्हणाले, सही करू नकोस. तिनं खालच्या बाजूला बोट नेलं. केलेली होती. पांग माल-सुक, उजवीकडे कललेलं, शेवटच्या रेघेवर जोर.

तिला राग आलेला नव्हता. तिला राग येतच नाही, किंवा इतक्या वर्षांपूर्वी येऊन गेलाय की त्याची जागाही भरून निघाली आहे. चांगली वाढ मिळाल्यासारखा तिचा चेहरा होता. तिनं विचारलं, जेवायला काय आहे.

मी भात लावला, कुकरचं बटण दाबलं. राओनला तिच्या मांडीवर दिलं. करार उचलला, चपला घातल्या आणि अकराव्या मजल्यावर गेले. सॉनू बाईंच्या दारावरची घंटा दाबली, आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.